ऑनर्स विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती : रक्कम चांगली, अटी कडक

अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात, म्हणजे निवडक हुशार विद्यार्थ्यांसाठीच्या विशेष विभागात, माझ्या मुलीने नुकतेच पदवीचे शिक्षण पूर्ण केले. तिथल्या आर्थिक साहाय्याच्या योजनेविषयी माझे मत एकंदरीत अनुकूल आहे. परराज्यातील विद्यार्थ्यांचे जादा शिक्षणशुल्क माफ करून त्यांना राज्यातील विद्यार्थ्यांचाच दर लावायचा, ही या योजनेतील सर्वांत मोलाची तरतूद होय, कारण सरकारी विद्यापीठांत हे दोन दर अनेकदा दुप्पट-तिप्पट फरकाचे असतात. शिवाय शुल्क वाढले की माफीही त्याच्याबरोबर वाढते. ठरावीक डॉलरांची शिष्यवृत्ती मात्र आहे तिथेच राहते आणि शेवटच्या वर्षापर्यंत तिचा आधार बराच तोकडा पडतो.

खरी अडचण नूतनीकरणाच्या अटींत आहे. मंजुरीपत्रात चार वर्षांची एकत्रित रक्कम ठळक अक्षरांत वरच छापली होती. ४ पैकी ३.५ जीपीए (सर्व विषयांतील श्रेणींची सरासरी) आणि दरवर्षी ३० क्रेडिट (विषयांना त्यांच्या भारानुसार दिलेली एकके) ही अट दुसऱ्या पानाच्या तळाशी होती. ३.५ चा अर्थ असा की, क्रेडिट सारखे धरल्यास, निम्म्या विषयांत 'ए' (४ गुण) आणि निम्म्यांत 'बी' (३ गुण) मिळवणारा विद्यार्थी नेमका काठावर उभा असतो. ऑनर्सच्या विद्यार्थ्याने अवघड विषय निवडावेत, पदव्युत्तर वर्गांतही बसावे, अशी अपेक्षा एकीकडे करायची आणि त्या धाडसाची किंमत शिष्यवृत्तीतून वसूल करायची, हे मला मुळीच पटलेले नाही. मुलीने गणिताचा एक प्रगत विषय केवळ या भीतीपोटी सोडला, याची हळहळ अजून वाटते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. तिने स्वकष्टाने बाहेरची एक शिष्यवृत्ती मिळवली, तेव्हा विद्यापीठाने गरजेवर आधारित स्वतःचे अनुदान तेवढ्याच रकमेने कमी केले, त्यामुळे आमच्या हाती काहीच उरले नाही. मेरीलँड राज्याने २०१७ साली आपल्या सरकारी विद्यापीठांतील या प्रथेवर कायद्याने निर्बंध आणले. इतरत्र प्रवेशापूर्वीच याविषयी लेखी विचारणा करावी. कराचाही हिशेब ठेवावा लागतो, कारण शुल्क आणि अनिवार्य पुस्तकांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्याला करमुक्त असते, पण निवास आणि भोजनावर खर्च झालेली रक्कम उत्पन्नात धरली जाते.

प्रबंधासाठी मिळणाऱ्या संशोधन-निधीची मात्र मनापासून प्रशंसा करतो. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत पूर्णवेळ काम करता यावे म्हणून दिलेल्या या पैशामुळे तिला दुसरी नोकरी धरावी लागली नाही, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी गोल्डवॉटर शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तिची तयारीही करून घेतली. नैसर्गिक विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली ही शिष्यवृत्ती वर्षाला कमाल ७,५०० डॉलर देते, पण तिथे विद्यापीठाचे नामांकन लागते, आणि ते मिळवून देण्यात या कॉलेजचे कर्मचारी फार तत्पर आहेत.

जीपीए घसरल्यास एका सेमिस्टरची सवलत मागता येते. ही सोय नियमावलीत आहे, पण कार्यालय ती आपणहून सांगत नाही. निकाल लागताच लेखी अर्ज करावा लागतो.