कॉर्डलेस माईक घेताना आधी पट्टा बघा: भारूड करणारीचा वापरानंतरचा अनुभव

श्रावणात घेतलेला नवा कॉर्डलेस सेट सगळा हंगाम वापरला. गणपती, नवरात्र, गावोगावचे सप्ताह आणि शेवटी नाथषष्ठीच्या आसपासचे कार्यक्रम झाल्यावर आता लिहिते. सेट चांगला निघाला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच सेट दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत मिळतो. पट्टा म्हणजे माईक ज्या रेडिओ लहरींवर चालतो त्यांची हद्द, मेगाहर्ट्झमध्ये मोजतात ती. तुम्ही भलत्या पट्ट्याचा उचललात तर माझा अनुभव तुमच्या काही कामाचा नाही. माझ्याकडे आहे तो ५०० मेगाहर्ट्झच्या घरातला. दोन हेडसेट, दोन हातातले माईक, त्यांच्या लहरी पकडणारा एकच रिसिव्हर, किंमत ६० हजारांच्या आत.

आम्ही अंबाजोगाईकडचे, भारूड करतो. जोगवा मागताना एका हातात परडी, दुसऱ्या हातात पोत, वासुदेव असला की चिपळ्या आणि टाळ. हात रिकामा नसतो, त्यामुळे हेडसेटशिवाय गत्यंतर नाही. स्टँडवरचा माईक चालत नाही, कारण भारूड एका जागी उभं राहून होत नाही. लोकांत उतरावं लागतं, एखाद्या आजीजवळ जाऊन तिच्याशी बोलावं लागतं. तिथेच आवाज तुटला तर पुढचा विनोदही जातो आणि त्याच्या मागून येणारा बोधही जातो.

जुना सेट बरीच वर्षं सुरळीत चालला आणि मग हळूहळू बिघडत गेला. गंमत अशी की दुपारी माईक तपासताना एकदम स्वच्छ आवाज, आणि रात्री गर्दी जमली की खरखर. सेल बदलले, वायरी बदलल्या, दुकानात नेला तर तिथे काहीच दोष सापडेना. शेवटी आमच्या साउंडवाल्या पोरानं रिसिव्हर उलटा करून मागचं स्टिकर दाखवलं. ७४० ते ७९० मेगाहर्ट्झ. "ताई, हे तर मोबाईलवाल्याचं झालंय आता," तो म्हणाला.

खरं होतं ते. पूर्वी हा सगळा टीव्हीच्या वापरातला भाग. कॉर्डलेस माईक टीव्हीच्या मधल्या रिकाम्या जागेत चालायचे, कुणाला त्रास नव्हता. मग ७०० चा पट्टा सरकारनं मोबाईलसाठी काढला. २०१६ च्या लिलावात कुणी घेतला नाही, २०२१ मध्येही नाही. २०२२ मध्ये मात्र एका कंपनीनं देशातल्या सगळ्या २२ सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या विभागांत, त्याचा तुकडा घेतला. २०२३ मध्ये केंद्रानं सरकारी कंपनीलाही ७०० मध्ये जागा दिली. या पट्ट्याची रचना अशी आहे की ७०३ ते ७४८ मध्ये लोकांचे फोन टॉवरकडे बोलतात आणि ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर फोनकडे बोलतो. आता माझं स्टिकर त्यावर ठेवून बघा. ७४० ते ७४८ म्हणजे समोर मांडी घालून बसलेल्या श्रोत्यांचे फोन, आणि ७५८ च्या वर गावाबाहेरचा टॉवर. दुपारी मंडप रिकामा, फोन थोडे. रात्री हजार माणूस आणि प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ चालू. माईक बिचारा काही मिलिवॅटचा, त्याचा आवाज त्या गलक्यात रिसिव्हरला कुठून ऐकू येणार?

म्हणून नवा घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न पट्ट्याचा विचारला. त्यानं दाखवलेला पहिला सेट ६४० ते ६९० चा होता. तो आज चालेल. पण ६०० चा पट्टाही २०२२ च्या लिलावात मांडला होता, फक्त कुणी बोली लावली नाही. जो भाग एकदा लिलावाला आला तो पुन्हा येऊ शकतो, आणि आमच्यासारखे लोक दरवर्षी सेट घेत नाहीत. म्हणून तो सोडला. ५०० च्या घरात दूरदर्शनची जुनी अॅनालॉग केंद्रं होती, त्यातली बहुतेक २०२२ पर्यंत बंद झाली. त्यामुळे आमच्याकडे खेड्यात हा भाग बराच मोकळा सापडतो. शहरात जरा जपून. दूरदर्शननं २०१६ मध्ये ज्या शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं त्यात औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, होतं. तिकडे कार्यक्रम असला की मी आधी रिसिव्हरचं स्कॅन लावते आणि मगच चॅनल ठरवते.

हे स्कॅन म्हणजे या सेटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. माईक सगळे बंद ठेवायचे, रिसिव्हरवर बटण दाबायचं, तो स्वतः पट्टा चाळून मोकळ्या जागा दाखवतो. ते मी मंडप रिकामा असताना एकदा करते आणि लोक बसल्यावर पुन्हा एकदा. दुसरं स्कॅन टाळू नका, पहिल्यापेक्षा तेच कामाचं. एलईडीची मोठी भिंत लावलेली असेल तर ती चालू करूनच स्कॅन करा, कारण तिच्यातूनही नको त्या लहरींचा कचरा येतो. आम्ही रिसिव्हर भिंतीपासून लांब, रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात ठेवतो. मिक्सरजवळ ठेवत नाही. मिक्सर मंडपाच्या पार मागे असतो आणि मध्ये सगळी माणसं. माणसाच्या अंगात पाणी असतं, ते या लहरी शोषून घेतं. अँटेना श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर निघाली पाहिजे आणि माईकवाल्याला ती नजरेत दिसली पाहिजे, एवढं पाळलं तरी निम्मी तक्रार मिटते.

आता बायकांसाठी खास. कमरेचा ट्रान्समीटर, म्हणजे हेडसेटचा आवाज रिसिव्हरकडे पाठवणारी डबी, नऊवारीत खोचला की त्याची अँटेना अंगाला चिकटते आणि घामानं भिजते, मग पाच पावलं मागे गेलं तरी आवाज लटपटतो. ५५० मेगाहर्ट्झची लहर साधारण ५४ सेंटीमीटरची. तिचा चौथा हिस्सा म्हणजे तेरा-चौदा सेंटीमीटर, आणि ट्रान्समीटरची तार जवळजवळ तेवढीच असते. ती दुमडली, गुंडाळली किंवा कासेत दाबली तर जोर जातोच. मी खणाच्या कापडाची छोटी पिशवी शिवली, आत घाम धरायला जाड सुती अस्तर लावलं, आणि तार बाहेर सरळ खाली लोंबेल असं भोक ठेवलं. पिशवी कमरेच्या मागे, पदराच्या आत, पण अंगापासून बोटभर सुटी. या एका पिशवीनं जो फरक पडला तो महागड्या अँटेनानं पडला नसता.

एका सप्ताहात आमच्या आधी कीर्तन होतं आणि बुवांचा स्वतःचा सेट, शिवाय मंडपवाल्याचे दोन माईक. आम्ही चौघं त्यात भर. अशा वेळी नुसतं "वेगळा नंबर लावला" म्हणून भागत नाही. ५२० आणि ५२१ वर दोन माईक चालू असले की त्यांच्या मिसळणीतून ५१९ आणि ५२२ वर भुताटकी उभी राहते. तिसरा माईक नेमका ५२२ वर ठेवलात तर तो खरखरणारच. सारख्या अंतरावर चॅनल लावायचे नाहीत. सेटमध्ये कंपनीनं आधीच जुळवलेले गट असतात, एका गटातलेच चारही चॅनल घ्या. त्या रात्री मंडपवाल्याला एक माईक बंद करायला सांगितला आणि सगळं शांत झालं.

साउंडवाल्या पोराचा २.४ गिगाहर्ट्झचा डिजिटल सेटही मध्ये वापरून पाहिला. हा पट्टा परवानामुक्त आहे, शाळेच्या वर्गात किंवा छोट्या सभागृहात आवाज सुरेख येतो. यात्रेत मात्र घेऊ नका, कारण वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झही आपल्याकडे परवानामुक्त आहे (२००५ मध्ये ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये वाढवला). पण ऑनलाईन "फ्री बँड" म्हणून दिसणारे बरेच सेट युरोपातल्या ८६३ ते ८६५ चे असतात. आपलं जिथं सुरू होतं तिथं त्यांचं संपतं. बाहेरच्या जुन्या मालाबाबतही तेच. अमेरिकेत ७०० च्या पट्ट्यातले माईक १२ जून २०१० पासून बंद झाले, ६०० मधला मोठा भाग १३ जुलै २०२० ला गेला. तिकडे बाद झालेला सेट इकडे कुणी स्वस्तात देत असेल तर स्टिकर वाचल्याशिवाय हात लावू नका.

मला मनापासून वाईट वाटतं ते याचं की तिकडे निदान तारीख जाहीर झाली होती. ब्रिटनमध्ये तर जुन्या चॅनलवरून हलवताना माईकवाल्यांना भरपाई मिळाली. आमच्यापर्यंत नियम बदलल्याचं कुणी पोचवलं नाही. राजपत्र आमच्या पारावर येत नाही. आणि ५०० च्या घरातही आमचा हक्क काही नाही, तो मुळात प्रसारणाचा भाग. उद्या तोही गेला तर तक्रार कुठे करणार? कलावंतांना मानधन देणाऱ्या खात्यानं मानधनाच्या यादीतल्या प्रत्येकाला एक साधा संदेश पाठवावा: अमुक पट्टा अमुक महिन्यापासून मोबाईलला जातोय, त्यातला माईक घेऊ नका. एवढ्यानं कितीतरी गोंधळी, शाहीर, कीर्तनकारांचे पैसे वाचतील.

सेटमधले दोष सांगते. हेडसेटची कानामागची तार नाजूक आहे, एक बदलावी लागली आणि सुटा भाग मिळायला फार वेळ गेला. पेन्सिल सेल सहा तास म्हणतात, आम्हाला चार-साडेचार तास पुरतात, त्यामुळे मध्यंतरात बदलूनच टाकतो. चार्जिंगचे सेल वापरायचे तर चांगले घ्या, हलक्या सेलवर शेवटचा अर्धा तास रेंज कमी होते. हातातल्या माईकवर दांडीवरून हात सरकल्याचा आवाज जरा जास्त येतो. वायरचा एक माईक आम्ही अजूनही रंगमंचाच्या कडेला चालू ठेवतो, आणि तुम्हीही ठेवा.