संडासला रक्त पडतंय: आधी सर्जन की थेट कोलोनोस्कोपी?

"गड्डा यात्रा होऊन जाऊ दे, मग बघू," म्हणत माझ्या मामांनी जानेवारी काढला, मग उन्हाळाही काढला. संडासला ताजं लाल रक्त पडायचं, दुखायचं मात्र नाही. उष्णता वाढलीय, ठेच्यानं मूळव्याध उठलीय, असं घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सोलापूरच्या उन्हात ते पटतंही. शेवटी आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, निघाला. दुर्बिणीतूनच तो काढता आला आणि मामा आज ठणठणीत आहेत. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मला हा प्रश्न विचारतात.

सर्जनकडे पहिल्याच भेटीत बोटानं तपासणी होते आणि प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून आत पाहतात. काही मिनिटांचं काम, भूल नाही, फारशी तयारी नाही, खर्चही कमी. सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत केस पेपर काढूनही सुरुवात करता येते. मूळव्याधीचे कोंब, गुदद्वाराची चीर, भगंदर इथे कळतं. पण ही नळी गुदद्वार आणि त्याच्या वरचा थोडासा भागच दाखवते. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून लांब लवचिक दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, ते सगळं दिसतं. पॉलिप सापडला तर बहुतेक वेळा त्याच बैठकीत निघतो, संशय आला तर तुकडा तपासायला घेतात. त्या बदल्यात आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पिऊन पोट पूर्ण रिकामं करावं लागतं, गुंगीचं इंजेक्शन असतं, सोबत माणूस लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नसते. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण तो क्वचित. डावीकडचा भाग तेवढा पाहणारी सिग्मॉइडोस्कोपी या दोन्हींच्या मधली.

माझं मत असं. वय कमी, संडास कडक, होताना काच लागल्यासारखी कळ आणि कागदावर थोडं लाल रक्त, तर आधी सर्जन. ही बहुधा चीर असते. पण वय ४५ च्या पुढे असेल, काही आठवड्यांपासून संडासची सवय बदलली असेल, रक्त शौचात मिसळून किंवा चिकट आवेसोबत येत असेल, वजन घटलं असेल, किंवा आईवडील-भावंडांत कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोंब दिसले तरी तिथे थांबू नका. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकतात. हिमोग्लोबिन कमी आलं तरी हेच. बायकांच्या बाबतीत ते पाळीवर ढकललं जातं आणि दुखणं मागे पडतं, याचं मला फार वाईट वाटतं. लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागा, नर्स सोबत ठेवा.

'ऑपरेशनविना खात्रीशीर इलाज' अशा पाट्यांच्या दवाखान्यात आत न पाहताच औषध देत असतील, तर तिथून उठा.

कोलोनोस्कोपी ठरली तर आपल्या ताटातलं बरंच काही दोन-तीन दिवस आधी बंद: ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, तीळ, पेरू, डाळिंब. बिया आणि चोथा आतड्यात राहिला की नीट दिसत नाही. मऊ भात, दही चालतं. आदल्या दिवशी नारळपाणी, साखरपाणी, गाळलेलं सूप. कोकम सरबत नको, लाल रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणारी किंवा शुगरची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट वेगळी. भरपूर रक्त, रक्ताच्या गाठी, चक्कर, किंवा डांबरासारखं काळं संडास होऊन गळून गेल्यासारखं वाटणं: इथे तुलना करत बसायचं नाही. १०८ लावा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळं होतं, त्यामुळे त्या चालू असतील तर तेही सांगा.

भेटीला जाताना वहीत लिहून न्या: कधीपासून, कोणता रंग, थेंब की धार, दुखतं का, चालू गोळ्या कोणत्या. अंगदुखीच्या गोळ्याही लिहा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो, डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही. आणि तपासणी झाल्यावर एवढं विचारा: "रक्त कुठून येतंय ते तुम्हाला दिसलं, की हा अंदाज आहे?"