ब्लेंडर: प्रकाशयोजनेच्या कसोटीवर

अ‍ॅनिमेशनमध्ये प्रकाश आपोआप येत नाही. प्रत्येक सावली कुणीतरी ठरवून टाकलेली असते, आणि म्हणूनच ब्लेंडर या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे मूल्यमापन मी मुख्यतः त्याच्या प्रकाशयोजनेवरून करतो. २०१९ च्या २.८० आवृत्तीत आलेले ईव्ही हे रेंडर इंजिन, म्हणजे रचलेल्या दृश्याचे चित्र तयार करणारा भाग, दिवा हलवताच परिणाम जवळजवळ तत्काळ दाखवते, त्यामुळे पात्राचा अर्धा चेहरा अंधारात ठेवल्यास त्याच्या बोलण्यावरचा विश्वास कसा डळमळतो, हे प्रसंग रचतानाच तपासता येते. सायकल्स हे दुसरे इंजिन प्रकाशकिरणांचा मार्ग मोजत असल्याने संथ आहे, पण तांबूस भिंतीची छटा शेजारच्या गालावर उतरते ती त्यातच खरी वाटते. २०२३ च्या ४.० आवृत्तीतील सुधारणा मला विशेष मोलाच्या वाटतात: एजीएक्स या रंग दाखवण्याच्या पद्धतीमुळे प्रखर उजेडातले रंग भडक न होता हळूहळू पांढऱ्याकडे झुकतात, आणि सायकल्समधील लाइट लिंकिंगमुळे एखादा दिवा केवळ नायिकेपुरता लावता येतो, जी मुभा प्रत्यक्ष चित्रीकरणात छायालेखकाला सहसा मिळत नाही. कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ खऱ्या भिंगाप्रमाणे मिलिमीटरमध्ये ठरवता येते, हेही उत्तमच. मेनूंची गर्दी मात्र नवशिक्याला दमवते.