स्टेअरिंगमधील ‘टक्’ आणि उद्यमनगरातील एक गॅरेज

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथच्या दुकानांच्या ओळीत, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढे एक गॅरेज आहे. माझी नऊ वर्षे जुनी हॅचबॅक मी स्टेअरिंगच्या आवाजासाठी तेथे दिली होती, त्या कामाबद्दल लिहीत आहे.

तक्रार अशी होती की, उभ्या गाडीत स्टेअरिंग बोटभर डावीकडे फिरवले की हाताला ‘टक्’ असे जाणवे आणि उजवीकडे आणले की पुन्हा ‘टक्’. सपाट रस्त्यावर वेग घेतल्यावर आवाज विरून जाई, परंतु उखडलेल्या डांबरावर तो सलग कटकटीसारखा वाजे. यापूर्वी ज्या अधिकृत सेवा केंद्रात मी गाडी नेत असे, तेथे पहिल्या खेपेस लिंक रॉड आणि दुसऱ्या खेपेस शॉकअपचे माउंटिंग बदलण्यात आले. ७,४०० रुपये गेले आणि आवाज जागच्या जागी राहिला. तिसऱ्या खेपेस त्यांनी संपूर्ण स्टेअरिंग कॉलम, म्हणजे स्टेअरिंगपासून खाली जाणारा दांडा व त्यावरची जोडणी, बदलावा लागेल असे सांगून मजुरीशिवाय ३८,००० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. केवळ पूर्ण जोडणीच मिळत असेल तर त्यांनी तीच सुचवली, यात मला गैर वाटत नाही. मात्र आवाज गाडी उभी असतानाही येतो हे मी दोन्ही वेळा सांगितले असताना कोणीही डॅशबोर्डखाली डोके घातले नाही, याचा राग अजून आहे.

उद्यमनगरातील मिस्त्रींनी सुरुवात तेथूनच केली. मला चालकाच्या आसनावर बसवून ते पेडलांजवळ आडवे झाले आणि मी स्टेअरिंग हलवत असताना कॉलमवर, त्याखालच्या क्रॉसवर (कोनात वळू देणाऱ्या सांध्यावर) आणि पुढे बॉनेट उघडून रॅकवर (चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्यावर) आळीपाळीने तळहात ठेवून पाहिले. चाकाकडचा अॅक्सल जॉइंट खराब असेल तर आवाज गाडी पूर्ण वळवून जोर दिल्यावर आणि चाकाच्या फेऱ्यांबरोबर येतो, तसा तो येत नसल्याने ती शक्यता त्यांनी लगेच बाजूला ठेवली. हॉर्न वाजत होता, एअरबॅगचा दिवा चालू गाडीत पेटलेला नव्हता आणि आवाजात घासल्याची खरखर नव्हती, म्हणून स्टेअरिंगखालच्या क्लॉक स्प्रिंगवरही (हॉर्न व एअरबॅगला वीज पोहोचवणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीवरही) त्यांचा फारसा संशय नव्हता.

मला सर्वांत आवडली ती पुढची चाचणी. चाके सरळ ठेवून, जोडावर रंगाची खूण करून त्यांनी कॉलम आणि खालचा क्रॉसचा दांडा यांना जोडणारा बोल्ट काढला व दोन्ही वेगळे केले. आता स्टेअरिंगचा चाकांशी काहीच संबंध उरला नव्हता. तरीही ते थोडेसे हलवताच तीच ‘टक्’ आली. रॅक, त्याच्या टोकाचे एंड, शॉकअप, म्हणजे आजवर ज्या ज्या भागांवर खर्च झाला होता किंवा होऊ शकला असता, ते सर्व वीस मिनिटांत निर्दोष ठरले आणि दोष कॉलममध्येच आहे हे मला स्वतःच्या कानांनी कळले.

या गाडीत पॉवर स्टेअरिंगची विजेची मोटर कॉलमवरच बसवलेली असते. मोटरचा दांडा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, फिरवतो आणि त्या दोहोंच्या मध्ये, धक्का जिरवण्यासाठी, चांदणीच्या आकाराचे एक छोटे कपलिंग असते. ते झिजले की दिशा बदलताना मोटर आणि वर्म यांच्यात किंचित मोकळीक राहते व दात एकमेकांवर आपटतात. बॅटरीची ऋण तार काढून, काही वेळ थांबून, मगच एअरबॅगला हात लावण्यात आला. हा संयम सर्वत्र पाहायला मिळत नाही. कॉलम बाहेर काढून मोटर उघडली तेव्हा त्या कपलिंगच्या पाकळ्या हिंगाच्या खड्यांसारख्या चुरगळून मिस्त्रींच्या तळहातावर पडल्या.

शेजारच्या लेथवर नायलॉनचा तसाच तुकडा कातून मिळेल काय, असे मी उत्साहाने विचारले. चहा संपेपर्यंत बुश कातून देणारी माणसे त्या गल्लीत बसलेली असल्याने प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. “साहेब, स्टेअरिंगच्या वस्तूत प्रयोग नको,” एवढे बोलून त्यांनी मापाचा नवा सुटा भाग मागवला. आलेला पहिला भाग किंचित मोठा निघाल्याने तो परत पाठवण्यात एक दिवस मोडला. भाग ४५० रुपये, मजुरी २,४०० रुपये आणि क्रॉसच्या दांड्याचा नवा बोल्ट, असे सर्व मिळून ३,००० रुपयांच्या आत काम झाले.

उणिवा आहेत. गाडी परत मिळाली तेव्हा सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडे डावीकडे झुकलेले राहत होते. ते दुसऱ्या दिवशी विनामूल्य दुरुस्त करून स्कॅनर लावून स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा जुळवून दिला, परंतु हे काम गाडी देण्यापूर्वीच व्हायला हवे होते. छापील बिल मिळत नाही, कामाची हमी तोंडी असते आणि दूरध्वनी उचलला जाईलच असे नाही. घाई असणाऱ्याने तेथे जाऊ नये. ज्याला भाग बदलून पाहण्याऐवजी दोष शोधून हवा आहे, त्याने अवश्य जावे.

त्यानंतर गाडी सुमारे १,४०० किलोमीटर चालली असून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरून कणकवलीपर्यंतचा एक प्रवासही झाला आहे. वळणावळणावर मी खिडक्या बंद करून, रेडिओ न लावता कान देऊन बसलो होतो. आवाज आला नाही. कॉलमच्या खालच्या आवरणाचा एक स्क्रू मात्र गॅरेजात हरवला तो हरवलाच. दोनदा आठवण करूनही तो मिळालेला नाही आणि त्या जागी अजून रिकामे भोक आहे.