आधी कोणती कादंबरी वाचावी, मृत्युंजय की कोबाल्ट ब्लू?

दोन्हींत गोष्ट एकापेक्षा जास्त जणांच्या तोंडून येते, पण वाचताना अनुभव पार वेगळा. शिवाजी सावंतांच्या मृत्युंजयमध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण (कर्णाचा भाऊ), वृषाली (कर्णाची बायको) आणि शेवटी कृष्ण असे सहा जण बोलतात, कर्ण स्वतः शेवट सांगूच शकत नाही म्हणून तो कृष्णाकडे, आणि कुंती बाळाला पेटीत घालून नदीत सोडते ना, ते तिच्याच तोंडून ऐकताना तिच्यावरचा राग टिकतच नाही. फक्त सगळे साधारण एकाच भारदस्त भाषेत बोलतात, तेवढं खटकतं.

सचिन कुंडलकरांच्या कोबाल्ट ब्लूमध्ये (२००६) दोघंच, पुण्यातले भाऊ-बहीण, आणि दोघांचं प्रेम घरातल्या एकाच पेइंग गेस्टवर. तनय त्याच्याशी थेट 'तू' म्हणून बोलत राहतो, अनुजाचा भाग डायरीसारखा. त्या माणसाला शेवटपर्यंत नाव नाही आणि त्याची बाजूही नाही!! एकाने सांगितलेला प्रसंग दुसऱ्याकडून कळतो तेव्हा मागची पानं परत उलटावी लागतात, आणि आवाज मात्र खरंच दोन वेगळ्या माणसांचे वाटतात.

मला विचाराल तर आधी कोबाल्ट ब्लू घ्या, छोटं आहे, दोन बैठकीत होतं. मृत्युंजयला सुट्टीच हवी.