‘क्रोम अपडेट करा’ म्हणणारे पान आणि हळद पेढीचे ४,२०,००० रुपये

सांगलीतल्या एका हळद पेढीचे ४,२०,००० रुपये गेले. कुणी ओटीपी मागितला नाही, फोन आला नाही, पेढीच्या बँक खात्याला हातही लागला नाही. चोर ब्राउझरमधून आत शिरला.

दुकानातला संगणक विंडोज ७ चा. त्यावर क्रोम ब्राउझरची १०९ वी आवृत्ती शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० वी तिथे चालतच नाही. रोज क्रोम उघडला की वर पट्टी यायची: पुढचे अपडेट हवे तर विंडोज १० लागेल. दिवाणजी ती फुली मारून बंद करायचे. सौद्यांच्या ऐन गर्दीत हवामानाची एक साधी साइट उघडताना पानभर संदेश आला, ‘तुमचा क्रोम जुना झाला आहे, अपडेट करा’. तेच चिन्ह, तेच निळे बटण. खरी पट्टी जे रोज सांगत होती तेच हे पान सांगत होते, मग शंका येणार कशी? दिवाणजींना दोष देण्यात अर्थ नाही.

खाली उतरली एक झिप फाइल, तिच्यात ‘जेएस’ शेपटीची, म्हणजे उघडताच संगणकाला हुकूम सोडणारी छोटी फाइल. दोनदा क्लिक केले, काही घडले नाही असे वाटले. तेवढ्यात साठवलेले पासवर्ड आणि कुकीज निघून गेल्या होत्या. कुकी म्हणजे ‘हा माणूस आधीच लॉग-इन झालाय’ याची पावती. ती हाती लागली की ओटीपीशिवाय मेल उघडता येतो. क्रोमने १२७ व्या आवृत्तीपासून विंडोजवर कुकीजना जादा कुलूप घातले. तेही फोडणारे निघाले, पण १०९ मध्ये ते मुळातच नाही.

चोराने काही दिवस नुसता मेल वाचला. ६० पोत्यांचे बिल गुजरातच्या खरेदीदाराला गेले, त्याच सायंकाळी पेढीच्याच मेलवरून दुसरे पत्र: ‘आमच्या खात्याचे ऑडिट सुरू आहे, रक्कम खालील खात्यात आरटीजीएस करा.’ खरेदीदाराचे उत्तर पेढीला दिसले नाही, कारण चोराने जीमेलमध्ये लावलेल्या फिल्टरमुळे त्याची पत्रे परस्पर कचऱ्यात जात होती. आठवड्याने पैशासाठी फोन केला तेव्हा उलगडा झाला.

आता कामाचे. कोणताही ब्राउझर वेबपानातून अपडेट मागत नाही. अपडेट तपासायचे ते मेनूतल्या ‘हेल्प’मधून ‘अबाउट’ उघडून, मोबाइलवर प्ले स्टोअरमधून. अपडेट उतरले तरी ब्राउझर बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाही, आणि दुकानांतून तो आठवडेच्या आठवडे उघडा असतो. क्रोम, एज, फायरफॉक्स, ब्रेव्ह यांपैकी कोणताही चालेल, पण नवी आवृत्ती मिळणाऱ्या संगणकावर. आमचे मत विचाराल तर बँक आणि मेलसाठी फायरफॉक्स वेगळा ठेवा: त्यात साठवलेल्या पासवर्डांना कुलूप घालणारा ‘प्रायमरी पासवर्ड’ लावा, फक्त सुरक्षित जोडणीने साइट उघडणारा ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’ चालू करा, जाहिराती अडवणारे युब्लॉक ओरिजिन सोडून एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा जादा प्रोग्राम) नको. बाजारभाव, बातम्या, हवामान दुसऱ्या ब्राउझरवर. क्रोमच वापरायचा तर ‘सेफ ब्राउझिंग’मध्ये ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ निवडा. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. वाटेत कुणी वाचत नाही एवढेच ते सांगते, समोरचा प्रामाणिक आहे असे नाही.

अशी फाइल चुकून उघडली असेल तर आधी संगणकाचे नेट तोडा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून. त्याच संगणकावर बदलले तर नवा पासवर्डही चोराकडे जातो. मग सगळ्या डिव्हाइसमधून लॉग-आउट करा आणि जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फिल्टर व फॉरवर्डिंग तपासा. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात आणि चोर आतच राहतो. संगणकावर विंडोज नव्याने टाकून घ्या.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, लगोलग बँकेला कळवणे. आरटीजीएसचा २२ अक्षरी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख), रक्कम, वेळ आणि समोरचे खाते हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागते. इथे मध्ये आठवडा गेला होता.

आणि खरेदीदारांनो, बँकखाते बदलल्याचा मेल आला की जुन्याच नंबरवर फोन करून विचारा. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचे नाव तपासण्याची सोय बँकांना द्यावी लागते. पेढीच्या जागी भलतेच नाव दिसले तर पैसे पाठवू नका.