जागतिक दैवतकथांचा सचित्र कोश : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

जगभरातील देव, वीर आणि अद्भुत प्राणी यांची ओळख करून देणारा एक जाडजूड इंग्रजी सचित्र कोश गेल्या दिवाळीत घेतला आणि पावसाळा सरेपर्यंत जवळजवळ रोज हाताळला. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलात शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी कथाकथन चालते आणि गोष्टी निवडण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे हा कोश कपाटात शोभेपुरता न राहता लगेच कामाला लागला. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, आणि या प्रकारचे कोश एकमेकांवरूनच बेतलेले असल्याने त्या इतरांनाही लागू पडतील.

अद्भुत प्राण्यांच्या नोंदी हा कोशाचा सर्वांत सरस भाग आहे. नॉर्स म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन कथांतील फेनरिर या लांडग्याची नोंदच पाहावी. देवांनी त्याला बांधण्यासाठी दोन भक्कम बेड्या घडवल्या आणि त्याने त्या दोन्ही तोडल्या. मग बुटक्या कारागिरांनी मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा जिनसांपासून रेशमी फितीसारखा मऊ बंध तयार केला. लांडग्याला संशय आला आणि कोणीतरी तारण म्हणून आपला हात त्याच्या जबड्यात ठेवावा, अशी अट त्याने घातली. टीर हा देव पुढे झाला आणि हात गमावून बसला. आमच्याकडील मुलांना ही यादी तोंडपाठ आहे. मात्र या नोंदीचे खरे मोल तिच्या शेवटच्या दोन ओळींत आहे, कारण ही कथा आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने १२२० च्या सुमारास लिहिली, म्हणजे त्या बेटाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर दोन शतकांनी, हे तेथे स्पष्ट नोंदवलेले आहे. जुन्या देवांची गोष्ट त्यांची पूजा न करणारा माणूस सांगत आहे, हे कळले की तिच्यातील मिश्कीलपणाही उमगतो.

किमेरा या प्राण्याच्या बाबतीतही तसेच आहे. पुढून सिंह, मागून साप, मध्ये शेळी हे होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या सहाव्या सर्गातील वर्णन दिले आहे, आणि शेजारी इटलीतील अरेझो येथे १५५३ मध्ये सापडलेल्या ब्राँझ मूर्तीचे छायाचित्र आहे.

देवांकडे वळले की ही शिस्त सुटते. प्रत्येक देवाच्या नावाखाली 'कशाचा देव' अशी एक रंगीत चौकट आहे आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. अपोलोच्या चौकटीत सूर्य आहे. इलियडच्या आरंभी मात्र हाच अपोलो बाण सोडून ग्रीकांच्या छावणीत रोगराई पसरवतो, आणि होमरकडे सूर्य हा हेलिओस नावाचा स्वतंत्र देव आहे. मेड्युसाची कथाही अशीच एकेरी सांगितली आहे. सुंदर स्त्रीला अथेनाने शाप देऊन सर्पकेशी केले, हे रोमन कवी ओव्हिडचे कथन. त्याच्या कितीतरी शतके आधीच्या हेसिओड या ग्रीक कवीकडे ती गॉर्गन या राक्षसी भगिनींपैकीच एक आहे, शापाचा प्रश्नच येत नाही. लांडग्याला जो न्याय दिला तो मेड्युसाला का दिला नाही, हे मला उमगलेले नाही.

आपल्याकडील नोंदी तपासल्या तेव्हा ही तक्रार अधिक ठाम झाली. वरुणाच्या चौकटीत फक्त 'जल' आहे. ऋतावर, म्हणजे विश्वाच्या नियमव्यवस्थेवर, लक्ष ठेवणारा, अपराध्याला पाशात बांधणारा ऋग्वेदातील वरुण तेथे नाही. आणि मित्र, वरुण, इंद्र व नासत्य (अश्विनीकुमार) यांची नावे पश्चिम आशियातील हित्ती व मितन्नी या प्राचीन राज्यांच्या राजांमधील इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील करारात साक्षीदार म्हणून येतात, ही चकित करणारी गोष्टही नाही. घारापुरीच्या त्रिमुखी शिल्पाखाली 'ब्रह्मा, विष्णू, शिव' असे लिहिले आहे. अभ्यासक त्याला सदाशिव मानतात, आणि प्रत्यक्ष लेण्यात उभे राहिले की आपल्या डाव्या हाताचा मिशा असलेला उग्र चेहरा व उजवीकडचा कमळ धरलेला कोमल चेहरा ही शिवाचीच रूपे आहेत, हे सहज पटते. अशा नोंदी पडताळण्यासाठी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जातो. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रावशास्त्रींचा चरित्रकोश उघडला की प्रत्येक विधानामागे ग्रंथाचा आधार दिलेला सापडतो.

येऊरच्या जंगलालगत पुजला जाणारा वाघोबा किंवा वारल्यांच्या लग्नचौकातील (लग्नाच्या भित्तिचित्रातील) पालघाट देवी जागतिक कोशात असावी, ही अपेक्षा कोणाला अवाजवी वाटेल. पण माओरींच्या माउईला, समुद्रातून बेट ओढून काढणाऱ्या त्या खट्याळ वीराला, दोन पूर्ण पाने आहेत. ती त्याला शोभतातही, परंतु न्यूझीलंडचे माजी गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी त्या कथा १८५५ मध्येच इंग्रजीत छापल्या होत्या, हे त्यामागचे एक कारण आहे. जे लवकर इंग्रजीत उतरले ते कोशात बसले आणि बाकीचे बाहेर राहिले.

वीरांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. गिलगामेश उत्तम, हेराक्लीझ ठीक, आणि माया लोकांचे जुळे वीर हुनाहपू व श्बालांके यांना मात्र अगदीच अर्ध्या पानात उरकले आहे.

बांधणीविषयी थोडे सांगायला हवे. कागद इतका चकचकीत आहे की नळीच्या दिव्याखाली चित्र दिसते, मजकूर दिसत नाही. जुलैच्या दमट हवेत पानांच्या कडा वळल्या आणि इजिप्तच्या विभागाजवळ शिवण सैल झाली. प्रकाशकाला पत्र पाठवले. उत्तर आलेले नाही. सूची मात्र उत्कृष्ट आहे आणि प्राण्यांच्या नावांबरोबरच 'पूर', 'पाताळ', 'जुळी भावंडे' अशा विषयांनुसारही शोधता येते. शनिवारच्या गोष्टी मी आता तिच्यावरूनच निवडतो, आणि देवांच्या रंगीत चौकटींवर पेन्सिलीने फुली मारून शेजारी ग्रंथाचे नाव व काळ लिहितो. घेण्याचा विचार असल्यास दुकानात पहिल्यांदा आपल्या ओळखीच्या एखाद्या देवाची नोंद वाचावी आणि तिच्यात कथेचा काळ व मूळ ग्रंथ सांगितला आहे का, ते पाहावे.